मोकळी ठेवलेली जागा

यू. के. सरांच्या मुलाचा, नितीनचा फोन आला तेव्हा मी अंगणात ब्रश धूत बसलो होतो. "काका, आप्पा गेले. पहाटे झोपेतच..." मग नाक ओढून म्हणाला, "चौकातल्या फळ्यावर तुम्हीच लिहा काका. आप्पांना तुमचं अक्षर आवडायचं." मी बरं म्हटलं. फोन ठेवता ठेवता त्याने आणखी एक सांगितलं. "फक्त अंत्ययात्रेची वेळ लिहू नका. तेवढी जागा मोकळी ठेवा. नंदुरबारहून साहेब येणार आहेत. त्यांचं नक्की कळलं की सांगतो."

आमच्या म्हसावदला बसस्टँडजवळच्या चौकात एक काळा फळा आहे. गावात कोणी गेलं की त्यावर खडूने नाव लिहितात. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो, त्यामुळे हे काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. हिंदू असो, मुसलमान असो, गावचा माणूस एकदा माझ्या हाताखालून जातो आणि मगच मातीला लागतो. त्या सकाळी लिहिलं : 'दुःखद निधन. श्री. उत्तम काशिनाथ पाटील (यू. के. सर), निवृत्त मराठी शिक्षक. अंत्ययात्रा राहत्या घरून आज...' आणि खडू हातात धरून उभा राहिलो. पुढे मोकळी जागा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुठल्या साहेबासाठी काही अडवून धरलं नाही, त्याचं मरण आता एका साहेबाच्या सवडीसाठी अडलं होतं. दुःख व्हायला हवं होतं... मला आधी राग आला. आज काही आठवडे उलटले, तरी त्या रागातलं फारसं कमी झालेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. साहेबांचं नाव मात्र लिहिणार नाही. नाव छापून येणं एवढंच तर त्यांना हवं असतं.

यू. के. म्हणजे उत्तम काशिनाथ. खानदेशात मास्तर नावाने ओळखला जात नाही, आद्याक्षरांनी ओळखला जातो. पोरं त्यांना 'विलायती सर' म्हणायची आणि ते ठाऊक असूनही सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याच्या घरचा हा माणूस, केळी आणि ऊस सोडून व्याकरणाच्या नादी लागला. शब्द कुठून आला, कोणाकडून आला, वाटेत कोणी त्याचं काय केलं, हे शोधायचं वेड. माझी त्यांची गट्टी जमली ती मात्र व्याकरणामुळे नव्हे, फलकांमुळे. शाळेत कार्यक्रम असला की 'मान्यवरांचे हार्दिक स्वागत' असा फलक मी रंगवायचो. खाली मान्यवरांची नावं, मोठ्याचं मोठ्या अक्षरात, लहानाचं लहान. कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून संस्थेत जी भांडणं व्हायची ती बघितली असती तर कोंबड्यांनाही लाज वाटली असती. एका संचालकाने तर पट्टी लावून स्वतःच्या नावाची उंची मोजली होती. सर माझ्या मागे उभे राहून म्हणायचे, "शेखभाई, मान्यवर म्हणजे ज्याला लोकांनी मान्य केलं तो. यातल्या एकाला तरी लोकांना विचारून फलकावर घेतलंय का, बघा बरं." मी म्हणायचो, "सर, मला रंग वाळवू द्या."

कार्यक्रमाला पुढे सोफे असायचे, पाठीवर पांढरे टॉवेल टाकलेले, आणि पोरं खाली मातीत. सर सगळ्यांच्या आधी येऊन एका सोफ्यावर ऐसपैस बसायचे. संस्थेचा कारकून धावत यायचा. "सर, उठा, ही मान्यवरांची जागा आहे." सर विचारायचे, "कोणाला मान्य असलेले? विचारून या, तोवर बसतो." कारकून बिचारा गुरुजींच्या तोंडाला लागणार किती, तो निघून जायचा. मग एखादे संचालक यायचे, सर उठून नमस्कार करायचे, आणि मागे पोरांत जाऊन बसायचे. एवढाच खेळ. पण त्या खेळावर लोक मनातून खूश असायचे आणि संचालक मनातून जळायचे.

एका वर्षी बक्षीस समारंभाला साखर कारखान्यातले कोणी बडे यायचे होते. तोरणमाळकडची वसतिगृहातली पोरं सकाळपासून उन्हात रांगेत बसवलेली. डोक्यावर टोप्या नाहीत, पोटात काही नाही, आणि हार करून करून हाताला झेंडूचा वास. बडे काही येत नव्हते. निघालेत, निघालेत, असे निरोप येत होते. पावरा आदिवासी घरातली एक मुलगी बसल्या जागी कलंडली. कोणीतरी पाणी आणायला धावलं, मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत राहिले, आणि यू. के. सर उठले, व्हरांड्यात लटकत असलेल्या रुळाच्या तुकड्यावर त्यांनी हातोडीने घंटा दिली. मग माइक घेतला आणि म्हणाले, "कार्यक्रम सुरू." बक्षिसं पोरांनीच पोरांना दिली. वरच्या वर्गातला खालच्या वर्गातल्याला देतोय, तो पुढच्याला देतोय. टाळ्यांनी शाळा दणाणली. बडे आले तेव्हा मैदानात सोफे होते, सोफ्यांवर टॉवेल होते आणि एक कुत्रं झोपलेलं होतं. बड्यांनी त्या कुत्र्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलो नाही. आपल्यासाठी राखलेली जागा दुसऱ्याने घेतली की या लोकांचा चेहरा कसा होतो, हे तेव्हा प्रथम नीट दिसलं.

व्हायचं ते झालं. संस्थेची एक शाखा मोलगीला होती, तिथे सरांची बदली झाली. मुख्याध्यापक होण्याची त्यांची पाळी होती, ती गेली ती गेलीच. संचालकांना वाटलं, डोंगरात टाकला, आता नरम पडेल. त्यांना डोंगर ठाऊक नव्हता आणि सरही ठाऊक नव्हते. सर तिथे रमले. बाजाराच्या दिवशी उतरणारी माणसं, आमचूरची पोती, पोरांची भिली बोली ऐकून ती शिकण्याची धडपड, सुट्टीला घरी आले की हेच बोलणं. पण एकदा आले ते वेगळंच काही घेऊन. ओट्यावर बसले, चहा झाला. मग हळूहळू सांगायला लागले.

मोलगीहून अक्कलकुव्याला उतरायला जीप. मागे माणसं अंगावर अंग, टपावर माणसं, पायरीवर लोंबकळणारी माणसं, पोती, कोंबड्या. आणि पुढे ड्रायव्हरशेजारची सीट गुरुजींसाठी, ग्रामसेवकासाठी, तलाठ्यासाठी, फॉरेस्टवाल्यांसाठी. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ. सरही महिनोन् महिने तिथेच बसत आलेले, काही खटकलं नव्हतं. त्या दिवशी मागे एक बाई तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन उभी. सर उतरले, तिला म्हणाले पुढे बस. ती हसली आणि पदर तोंडाला लावून आणखी मागे सरकली. ड्रायव्हर म्हणाला, "सर, तुमीच बसा. तठे दुसरं कोनी बसत नही. ती पुढल्या सीटवालासनी जागा शे." सरांना वाटलं आपण हललो की बसेल. म्हणून ते मागे जाऊन पायरीवर उभे राहिले. जीप निघाली. अक्कलकुव्यापर्यंत घाट उतरली. पुढली सीट तशीच मोकळी, आणि मागच्या गर्दीत सरांची आणखी एक भर. पोर आईच्या कडेवर, आई उभीच.

"शेखभाई," सर म्हणाले, "मी यांना मान्यवर म्हणून हिणवत आलो. आणि त्या लोकांकडे त्यासाठी केव्हाचा शब्द तयार आहे. पुढल्या सीटवाला. आणि त्यात मी आहे... मी उतरलो तरी सीट माझीच राहिली, बघा." मी म्हटलं, "मग आता?" तर म्हणाले, "उतरून काही होत नाही. भरून टाकायची." पुढच्या खेपेपासून त्यांनी शाळेची मावतील तेवढी पोरं आधी पुढे कोंबायला सुरुवात केली, स्वतः त्यांच्यात अर्धे बाहेर. ड्रायव्हर कुरकुरला, गिअर टाकता येत नाही म्हणाला. एकदा एका पोराने सरांच्या अंगावर ओकारी काढली. पण पोरांमागून पोरांच्या आया पुढे बसायला लागल्या, आणि सर तिथून सुटेपर्यंत निदान त्या एका जीपमध्ये ती सीट सगळ्यांची झाली होती. पुढे काय झालं मला ठाऊक नाही. पुन्हा कोणी फॉरेस्टवाला येऊन बसला असेल.

सर निवृत्त होऊन म्हसावदला परतले तोवर नितीन धंद्यात पडला होता. मुरूम, खडी, छोटीमोठी बांधकामं. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगतो. कष्टाळू आहे, आईबापाला धरून राहिला. पण त्या धंद्यात साहेबांच्या गाडीमागे धावल्याशिवाय काम मिळत नाही, आणि धावता धावता माणसाला धावण्याचीच सवय होते. शहाद्याच्या रस्त्यावर त्याच्या भागीदाराने एक लॉन्स बांधलं, लग्नांसाठी. नाव 'इलीट', आणि खाली मराठीत 'अभिजनांचे मंगल कार्यालय'. उद्घाटनाला साहेब, आणि नितीनच्या आग्रहावरून यू. के. सरांनी नावाचा अर्थ सांगणारे दोन शब्द बोलायचे असं ठरलं. नितीनला वाटलं असेल, बापाचा मान होईल. आदल्या दिवशी मी घरी गेलो तर सर वहिनींना तोच अर्थ समजावत होते, आणि वहिनी सूप घेऊन तूरडाळ निवडत होत्या. इलीट म्हणजे निवडलेले लोक, सर म्हणाले. वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "निवडीसन जे बाजूले काढतस, ते तर खडा ऱ्हातस." सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मी म्हटलं, उद्या हेच बोला. तर म्हणाले, "नाही, ते तिचं आहे. ते चोरायचं नाही."

चोरलं नाही, पण जे बोलले ते कमी नव्हतं. झुंबरांखाली उभे राहून अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "इलीट हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आला, आणि मूळ लॅटिन. अर्थ, निवडून घेतलेला. कोणी निवडला, हे त्या शब्दात कुठेच नाही. म्हणून तो सोयीचा आहे." लोक हसले, त्यांना गंमत वाटली. "मराठीत आपण अभिजन म्हणतो. हा जुना संस्कृत शब्द. त्याचा एक अर्थ चांगल्या कुळातला असा आहे, तो सगळ्यांनी लक्षात ठेवला. दुसरा विसरले. जिथे आपण राहतो तो निवास, आणि जिथे आपले बापजादे राहत होते ते गाव म्हणजे अभिजन. आता हिशेब करा. आम्ही गुजर, माझे बापजादे गुजरातेतून आले. शेख सरांचे कुठून आले ते त्यांनाही नीट ठाऊक नाही. या सभागृहात बसलेल्या बहुतेकांचं असंच. ज्यांचे बापजादे याच मातीतले, त्यांची पोरं बाहेर शिट्ट्या वाजवत आपल्या गाड्या लावतायत. तेव्हा पाटीवरचा शब्द बरोबर आहे, फक्त दाराच्या चुकीच्या बाजूला लागलाय." एवढं म्हणून ते पाणी प्यायला थांबले, आणि तेवढ्यात कोणीतरी माइक बंद करून सनईची टेप लावली. साहेब शेजारच्याला विचारत होते, मास्तर काय म्हणाला? शेजारच्यालाही समजलं नव्हतं. दोघांनी टाळ्या वाजवल्या. अपमान करून घ्यायलाही थोडी अक्कल लागते, ती या लोकांकडे नसते, आणि म्हणून ते इतके तुकतुकीत राहतात.

नितीनला मात्र कळलं होतं. त्या दिवसानंतर बापलेकांत बोलणं उरलं ते जेवलात का, औषध घेतलं का, एवढंच. सरांनी मला एकदाच म्हटलं, "पोरगा मला नमस्कार करतो तेव्हा त्याची नजर दारावर असते, शेखभाई. कोणी मोठा येतोय का बघतो." बाकी कशाने तो माणूस खचला नाही, याने खचला.

फळ्यावर वेळेची जागा मोकळी ठेवून मी त्या सकाळी सरांच्या घरी गेलो. अंगणात तिरडी तयार. सरांना अंघोळ घालून, नवं पांढरं नेसवून त्यावर ठेवलेलं. चैत्राचं ऊन, सावलीसाठी बांधलेली ताडपत्री सरकून ऊन पायांवर आलेलं. दारात सतरंजीवर गाव बसलेलं, आणि सतरंजीच्या पुढे, देवा रे... दोन सोफे. टॉवेलसकट. मंडपवाल्याने सवयीने आणून टाकलेले. मयताच्या दारात भुईवर बसायचं असतं, हे लहान पोरालाही कळतं. सोफे मोकळे होते, पण कोणी त्यांवर टेकत नव्हतं. सतरंजी भरली म्हणून म्हातारे उभे होते, सोफे मोकळे होते.

साहेबांचा माणूस फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता. साहेब निघालेत. साहेब प्रकाशा गावाला आलेत. साहेब शहाद्याला एका ठिकाणी चहाला थांबलेत. चहाला. मी मुसलमान, मला जे लहानपणापासून शिकवलं ते असं की मय्यत घरात ठेवू नये, लवकर नेऊन पोचवावं. आमच्याकडे दावतीत पहिल्या पंगतीला कोण यावरून रुसवेफुगवे होतातच, आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. पण जनाजा निघाला की खांदा कोणाचा हे कोणी विचारत नाही, वाटेतला अनोळखीही चार पावलं खांदा देऊन जातो. इथे माझा मित्र उन्हात होता आणि एक माणूस बिस्कीट बुडवत होता.

इतक्यात वहिनी दाराशी आल्या. सुमनवहिनी. मी इतक्या वर्षांत त्यांना परपुरुषांसमोर मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. त्या सरळ माझ्याकडे आल्या. "शेख भाऊ, फळावर टाइम का लिखा नही? मनी बहीण चौकमाईन उनी, सांगे जागा खाली शे."

मी नितीनकडे पाहिलं. नितीन म्हणाला, "माय, साहेब शहाद्याले येई ग्यात. जराखं थांब."

वहिनी त्याच्याकडे वळल्या. रडत नव्हत्या. "तुन्हा बाप जिंदगीभर कोनासाठे थांबना नही. आते मरीसन त्यासले कसाले थांबाडस? त्यासन्या पायवर ऊन उनं, तुले दिखत नही का?"

नितीनने खाली पाहिलं. पायांवर ऊन होतंच. मला वाटतं सकाळपासून त्याने बापाकडे नीट पाहिलं ते तेव्हाच. साहेबांचा माणूस मध्ये काहीतरी बोलायला गेला, तर वहिनींनी नुसता हात वर केला. मग मला म्हणाल्या, "जा भाऊ, लिखी या. लिखा, निंघनात."

मी चौकात आलो. मोकळ्या जागेत लिहिलं : 'निघाली आहे'. अक्षर वाकडं आलं, पुसून पुन्हा लिहिलं नाही. परत वळलो तोवर तिरडी गल्लीच्या तोंडाशी आली होती, पुढे मडकं धरून नितीन. मी खांद्याला लागलो.

साहेबांच्या गाड्या वाटेतच मागून येऊन पोचल्या. स्मशानाचा रस्ता बैलगाडीचा, बाजूने निघायला वाट नाही, त्यामुळे सगळा ताफा प्रेतयात्रेच्या मागे चालीच्या वेगाने सरकत आला. एकदा हॉर्न वाजला, तेव्हा मागच्या म्हाताऱ्यांनी वळून असं पाहिलं की पुन्हा वाजला नाही. स्मशानात सरण रचलं गेलं. साहेबांचा माणूस घाईने पुढे आला, नितीनच्या कानाशी लागला. साहेब उतरतायत, आधी श्रद्धांजलीचे दोन शब्द होऊ द्या, मग अग्नी. आमच्याकडे ही नवीच पद्धत निघाली आहे, मेलेल्याला भाषण ऐकवल्याशिवाय जाळत नाहीत. नितीनच्या हातात पेटतं लाकूड होतं. त्याने त्या माणसाकडे पाहिलं, मागे धोतर सावरत येणाऱ्या साहेबांकडे पाहिलं... आणि वळून अग्नी दिला. त्याला काय वाटलं असेल मी सांगू शकत नाही, पण त्याच्या तोंडून "आप्पा" असा जो आवाज निघाला तो कित्येक वर्षांत निघाला नव्हता. मी तेव्हा रडलो. सरांसाठी रडलो आणि त्या पोरासाठीही.

साहेब बोललेच. न बोलता परत गेले तर ते साहेब कसले? धूर तोंडावर येत होता, लोक चितेकडे बघत होते, आणि साहेब लोकांच्या पाठींना सांगत होते की यू. के. सर हे गणिताचे गाढे शिक्षक होते, त्यांनी गणिताची गोडी लावली. कोणी चूक दुरुस्त केली नाही. तेवढा मान तरी साहेबांना कोणी का द्यावा.

परवा घरी गेलो होतो. उत्तरकार्य आटोपून पाहुणे पांगलेले. ओट्यावर सरांची लाकडी खुर्ची होती, एक पाय डगडगणारी, ज्याखाली ते खडूचा तुकडा लावायचे. शिक्षक संघटनेचे कोणी आले होते म्हणे, त्यांनी खुर्चीवर फोटो ठेवून हार घातला होता आणि सांगून गेले होते की खुर्ची अशीच जपा. मी जाईपर्यंत वहिनींनी फोटो भिंतीला लावला होता, हार गायीपुढे टाकला होता, आणि खुर्चीवर वाळत घालायच्या मिरच्यांची टोपली होती. नितीन खाली ओट्यावर बसून डाळ-भात जेवत होता. मला पाहून वहिनींनी टोपली उचलली. "बसा भाऊ."

मी म्हटलं, "असू द्या वहिनी, मी खाली बसतो. सरांची खुर्ची आहे."

"बसा," त्या म्हणाल्या. "दूधवाला बी बसस, पोस्टवाला बी बसस. मोकळी ठेवी का तिले भाव चढस. मंग कोनी तरी साहेब येई."

मी बसलो. खुर्ची डाव्या अंगाला कलली. नितीन जेवता जेवता उठला, कोनाड्यातून खडूचा तुकडा काढून पायाखाली सरकवला, आणि पुन्हा ताटावर जाऊन बसला.